क्लच गेला, अडसर राहिला

22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आणि तेव्हापासून एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. गाड्या सगळ्यांनाच स्वस्त झाल्या. ऑटोमॅटिक गिअरची गाडी आता तालुक्याच्या शोरूममध्येही उभी असते. क्लच दाबायचा प्रश्न संपला. मग अपंग चालकांनी वेगळे काही मागायचे कारण काय? आवडेल ती ऑटोमॅटिक गाडी घ्यावी, पायाची अडचण असेल तर हाताने चालणारे ब्रेक आणि एक्सलरेटर गॅरेजमधून बसवून घ्यावेत, तेही जमत नसेल तर ड्रायव्हर ठेवावा.

हे म्हणणारे लोक दुष्ट नाहीत. त्यांत आमचे नातेवाईक आहेत, डॉक्टर आहेत, शोरूममधले विक्रेते आहेत आणि सवलतींच्या अर्जांवर सही करणारे अधिकारीही आहेत. पण त्यांचे म्हणणे प्रत्येक पायरीवर चुकते. ते मान्य केले तर आमच्याकडे मागण्यासारखे काही उरतच नाही, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे.

मी पोलिओनंतर दोन्ही पायांत कॅलिपर लावून चालणारी आणि हाताच्या लिव्हरवर गाडी चालवणारी बाई आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: इतर ग्राहक गाडी चालवून पाहतो आणि मग विकत घेतो. अपंग चालकाला ती आधी विकत घ्यावी लागते आणि ती आपल्याला चालवता येते की नाही, हे नंतर कळते. कर, किट, परवाना, पासिंग, विमा अशा आमच्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी हा उलटा क्रम आहे. तो सुलटा झाल्याशिवाय किमती कितीही उतरल्या तरी अडचण जागची हलणार नाही.

आधी कराचे पाहू, कारण ‘स्वस्त झाल्या’ हा या युक्तिवादाचा पहिला पाया आहे. सप्टेंबर 2025 पूर्वी 40 टक्के किंवा त्याहून अधिक अस्थिव्यंग असलेल्या व्यक्तीला केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयाचे प्रमाणपत्र मिळाले की ठरावीक आकाराच्या गाडीवर 28 ऐवजी 18 टक्के जीएसटी लागत असे आणि उपकर माफ होत असे. आकाराची अट अशी होती: लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत किंवा डिझेल इंजिन 1500 सीसीपर्यंत. त्याच छोट्या पेट्रोल गाडीवर इतरांना 28 टक्के जीएसटी आणि एक टक्का उपकर, म्हणजे एकूण 29 टक्के भरावे लागत. गाडीची करापूर्वीची किंमत सहा लाख धरली तर हा फरक 66 हजार रुपयांचा होतो. ती रक्कम चैनीसाठी नव्हती. गाडी आपल्या शरीराला जुळवून घेण्याचा जो खर्च इतर कोणालाच करावा लागत नाही, त्याला तिचा आधार होता.

आता सगळ्यांनाच 18 टक्के. म्हणजे माझ्यासारख्या ग्राहकाचा दर आधी 18 होता आणि आजही 18 आहे. त्यात एका टक्क्याचाही फरक पडलेला नाही. शेजाऱ्याची गाडी स्वस्त झाली, याचा मला आनंद आहे. पण माझ्या गाडीला लागणारा जादा खर्च तसाच राहिला आणि तो पेलण्यासाठी दिलेला आधार मात्र निघून गेला. ‘सगळ्यांनाच फायदा झाला’ हे वाक्य ज्या एका गटाबाबत खोटे आहे, नेमक्या त्याच गटाला ते ऐकवले जाते.

याच करव्यवस्थेत व्हीलचेअरवर पाच टक्के जीएसटी आहे. अपंगांच्या वाहनांना बसवायच्या किटवर 2021 मध्ये जीएसटी परिषदेने पाच टक्के दर ठरवला. विजेवर चालणाऱ्या गाडीवरही पाच टक्केच कर आहे, कारण ती वापरात यावी असे सरकारला वाटते. म्हणजे साधन अपंगत्वासाठी असेल तर कर कमी असावा आणि समाजाला हवी असलेली गाडी असेल तरी कर कमी असावा, ही दोन्ही तत्त्वे सरकारने आधीच मान्य केली आहेत. जी गाडी या दोन्ही कसोट्यांना उतरते, तिच्यावर मात्र 18 टक्के.

लांबीची अट तर आणखी अन्यायाची आहे. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाला खुर्चीसकट आत जायचे असेल, किंवा न घडी होणारी खुर्ची मागे ठेवायची असेल, तर मोठी गाडी लागते. सात आसनी अर्टिगाची लांबी सुमारे 4.4 मीटर आहे. चार मीटरच्या पुढे गेल्यामुळे तिच्यावर 40 टक्के कर लागतो. सरकत्या दाराची आणि चार मीटरच्या आत बसणारी ईको आहे, पण ती ऑटोमॅटिक मिळत नाही. अपंगत्व जितके तीव्र, तितकी जागा जास्त लागते आणि जागा जास्त लागली की कर चैनीच्या वस्तूचा लागतो. हा नियम करताना व्हीलचेअर कोणाच्या नजरेसमोर नव्हती, हे उघड आहे.

सवलत दिली की तिचा गैरवापर होतो, घरातल्या अपंग माणसाच्या नावावर दुसरेच गाडी घेतात, असा आक्षेप इथे घेतला जातो. त्याचे उत्तर जुन्या योजनेतच होते. सवलतीची गाडी पाच वर्षे विकता येत नसे आणि तेवढ्या काळात दुसऱ्यांदा सवलत मिळत नसे. 2020 पासून नोंदणीच्या 20 क्रमांकाच्या अर्जात ‘दिव्यांगजन, जीएसटी सवलतीसह’ आणि ‘सवलतीविना’ अशा मालकीच्या वेगळ्या नोंदीही आल्या. तपासणीची यंत्रणा उभी आहे. काही लोक लबाडी करतात म्हणून प्रामाणिक माणसाचा हक्क काढून घ्यायचा, असे आपण रेशनकार्डाबाबत म्हणत नाही आणि पीककर्जाबाबतही म्हणत नाही.

आता ऑटोमॅटिकचे. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी हा स्वस्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स भारतात आला आणि त्याने खरोखरच अनेकांना रस्ता मोकळा झाला, हे मी मनापासून मान्य करते. ज्याचा फक्त डावा पाय अधू आहे आणि उजवा पाय भक्कम आहे, त्याला अशा गाडीत काहीही बदलावे लागत नाही. पण ‘अपंग’ हे एकच शरीर नाही. उजवा पाय अधू असेल तर एक्सलरेटर डाव्या पायाखाली आणावा लागतो, आणि घरातला दुसरा माणूस चालवायला बसला की तो बाजूला करता यावा लागतो. दोन्ही पायांत बळ नसेल तर लिव्हर लागते, जी पुढे ढकलली की ब्रेक लागतो आणि ओढली किंवा फिरवली की गाडी वेग घेते. एक हात सतत त्या लिव्हरवर गुंतलेला असतो, म्हणून स्टिअरिंग एका हाताने फिरवायला त्यावर मूठ बसवावी लागते. मग इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि हेडलाइट हे सगळे उरलेल्या एका हाताच्या टप्प्यात आहे का, हा प्रश्न येतो. जपानी आणि कोरियन कंपन्यांच्या गाड्यांत इंडिकेटर बहुधा उजवीकडे असतो, युरोपीय गाड्यांत डावीकडे. इतर ग्राहकाला दोन दिवसांत सवय होण्याइतकी ही क्षुल्लक गोष्ट आहे. लिव्हर धरणाऱ्यासाठी तिच्यावर गाडीची निवड ठरू शकते.

मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरणाऱ्याची यादी आणखी वेगळी असते. खुर्चीची आणि सीटची उंची जवळपास सारखी असेल तरच हातांच्या जोरावर सरकून आत जाता येते. बुटकी सेदान असेल तर उतरताना शरीर वर उचलावे लागते आणि उंच एसयूव्ही असेल तर चढताना. दार किती उघडते, उंबरठा किती रुंद आहे, सीटच्या कडेची गादी किती उभी आहे, यावर सगळे अवलंबून असते. पायांना अचानक झटके येत असतील तर ते पेडलवर पडू नयेत म्हणून आड लागते. कमरेचा तोल राहत नसेल तर छातीचा पट्टा लागतो. गुडघ्यापाशी एअरबॅग असेल तर लिव्हरचा दांडा तिच्या वाटेत येता कामा नये. ही सगळी सोय जमली तरी व्हीलचेअर ठेवायची कुठे? आपल्याकडे परवडते म्हणून सीएनजी घ्यावी तर टाकी डिकी अडवते. टाटांनी टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या आणि 2024 मध्ये सीएनजीला एएमटी जोडली, तेव्हा कुठे या दोन गरजा एका गाडीत एकत्र येऊ लागल्या.

शिवाय हव्या त्या गोष्टी हव्या त्या किमतीत मिळत नाहीत. ऑटोमॅटिक गिअर, उंची बदलणारी चालकाची सीट, पुढेमागे होणारे स्टिअरिंग, चढावर गाडी मागे न जाऊ देणारी सोय, बटणाने लागणारा पार्किंग ब्रेक. सुदृढ ग्राहकासाठी या सुखसोयी आहेत, म्हणून त्या बहुधा वरच्या व्हेरिएंटमध्ये असतात. माझ्यासाठी त्यांतल्या काही गाडी चालवण्याच्या किमान अटी आहेत. म्हणून स्वस्त व्हेरिएंटची जाहिरातीतली किंमत आमच्यासाठी नसतेच.

अशा स्थितीत ‘आवडेल ती ऑटोमॅटिक घ्या, किट नंतर बसवू’ हा सल्ला घातक आहे. चष्म्याच्या दुकानात कोणी आधी पैसे घेऊन नंतर डोळे तपासत नाही. गाडीच्या बाबतीत आमच्याशी नेमके तेच होते. शोरूममधल्या टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला हॅण्ड कंट्रोल नसतो, त्यामुळे मी ती चालवून पाहू शकत नाही. एका शोरूममध्ये गाडीची सगळी माहिती माझ्याबरोबर आलेल्या भावाला सांगितली गेली, चावीही त्याच्याच हातात दिली गेली. त्याने गाडी चालवली आणि मी शेजारी बसून पाहिली. पैसे माझे, नोंदणी माझ्या नावाची, आणि पारख मात्र त्याच्या पायांची. त्या विक्रेत्याचा उद्देश वाईट नव्हता. त्याच्याकडे माझ्यासाठी दुसरे काही नव्हतेच, आणि माझी तक्रार नेमकी हीच आहे.

कंपन्यांना हे जमत नाही असेही नाही. जपानमध्ये टोयोटाची ‘वेलकॅब’ आणि सुझुकीची ‘विथ’ या अपंगांच्या गाड्यांच्या मालिका आहेत. होंडाने ‘टेकमॅटिक’ हा हॅण्ड कंट्रोल 1970 च्या दशकातच बाजारात आणला. ब्रिटनमध्ये 1977 मध्ये सुरू झालेल्या मोटॅबिलिटी योजनेत अपंग व्यक्ती सरकारी प्रवासभत्त्याच्या बदल्यात गाडी भाड्याने घेते आणि लागणारे बदल गाडी हातात येण्यापूर्वीच ठरवले जातात. मारुती सुझुकीने डिसेंबर 2025 मध्ये वॅगन आरसाठी बाहेर वळणारी सीट आणली. तिचे स्वागतच केले पाहिजे, कारण असंख्य ज्येष्ठांचे आणि अपंगांचे गाडीत बसणे त्याने सोपे होईल. पण ती शेजारच्या उतारूसाठी आहे. अपंग माणूस गाडीत बसवून न्यायचा असतो, ही कल्पना त्या सीटनेही ओलांडलेली नाही. यांतल्या काही कंपन्यांना तिकडे चालकाच्या जागी अपंग माणूस दिसतो, तर इथेही दिसला पाहिजे.

यावर कंपन्यांची बाजू मांडणारे म्हणतात की मागणीच नाही. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे 54 लाख हालचालीचे अपंगत्व असलेल्या होत्या. महाराष्ट्रातल्या अपंगांची एकूण संख्या 29 लाखांवर होती. यांतले सगळे गाडी घेणार नाहीत, हे उघड आहे. पण साइड व्हील लावलेल्या स्कूटरवर नोकरीला जाणारे, दुकान चालवणारे, मुलांना शाळेत सोडणारे हजारो लोक आपण रोज रस्त्यावर पाहतो. पावसात भिजायचे नाही आणि कुटुंबाला एकत्र न्यायचे आहे, एवढी इच्छा त्यांच्या मनात नसेल काय? जी वस्तू दुकानात दाखवलीच जात नाही, तिची मागणी नोंदली जाणार कुठे?

यानंतरचा आक्षेप कायद्याचा. ‘गाडीत बदल करणे बेकायदा आहे, सुप्रीम कोर्टानेच सांगितले आहे,’ असे शोरूममध्येही सांगतात आणि कधीकधी आरटीओच्या खिडकीवरही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ विनिर्देशांच्या विरुद्ध बदल करता येणार नाहीत असा निकाल दिला, हे खरे. पण त्याच वर्षी संसदेने मोटार वाहन कायदा दुरुस्त केला. 1988 च्या मूळ कायद्यात अपंगांचे वाहन म्हणजे खास त्यांच्यासाठी बनवलेले वाहन. नुसते जुळवून घेतलेले वाहन त्यात बसत नव्हते. 2019 च्या दुरुस्तीने ती व्याख्या काढून टाकली आणि बदल करून घेतलेली नेहमीची गाडीही मान्य केली. कलम 52 च्या दुसऱ्या उपकलमात आता असे म्हटले आहे की कोणीही आपली गाडी अपंग व्यक्तीसाठी जुळवून घेऊ शकतो आणि नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी त्यानंतर घेऊ शकतो, फक्त केंद्राने घातलेल्या अटी पाळल्या पाहिजेत. विनिर्देशांनुसार केलेल्या बदलामुळे वॉरंटी रद्द झाली असे मानता येणार नाही, अशी तरतूदही त्याच कलमात केली गेली. तेव्हा ‘किट बसवले तर वॉरंटी जाईल’ असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे.

कायदा बाजूने असूनही क्रम उलटाच राहतो. टोलची सूट, विम्याची सूट, पोलिसांनी अडवल्यावर दाखवायचा पुरावा, हे सगळे आरसीवरच्या नोंदीवर अवलंबून आहे. मोटार विम्याच्या टॅरिफमध्ये अपंगांसाठी बदललेल्या वाहनाला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात 50 टक्के सूट आहे, पण आरटीओने नोंद केली असेल तरच. गाडी घेतली, किट बसवले आणि पासिंग रखडले, तर तेवढे दिवस गाडी दारात उभी आणि कर्जाचा हप्ता मात्र चालू. कायद्यातल्या नव्या व्याख्येत आणखी एक काटा राहून गेला आहे. हे वाहन केवळ त्या व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरावे, असे ती म्हणते. आपल्या मध्यमवर्गीय घरात गाडी एकच असते. हॅण्ड कंट्रोल बसवल्यावरही मूळ पेडल जागेवर असतात, इतरांना ती नेहमीसारखी चालवता येते. मग त्या गाडीतून नवऱ्याने एकट्याने भाजी आणली तर नियम मोडला का? कायद्याने हा प्रश्न निर्माणच होऊ द्यायला नको होता.

परवान्याच्या बाबतीत हा उलटा क्रम सर्वांत जाचक होतो. जुळवून घेतलेल्या गाडीचा परवाना हवा तर चाचणी तशाच गाडीवर द्यावी लागते. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली ब्रेक असतो, पण शिकणाऱ्याच्या हाताखाली लिव्हर नसते. आरटीओकडेही चाचणीसाठी अशी गाडी नसते. म्हणून कच्चे लायसन्स हातात घेऊन आधी स्वतःची गाडी घ्या, तिला किट बसवा, मग शिका, मग पास व्हा. नापास झालात, किंवा ती गाडी तुमच्या शरीराला सोसत नाही असे कळले, तर सहा-सात लाखांची गाडी आणि तिचे कर्ज दोन्ही तुमच्या गळ्यात. इतर कोणत्याही नागरिकाला परवाना मिळण्यापूर्वी गाडीचे मालक व्हावे लागत नाही.

इथे कोणीतरी जिद्दीची उदाहरणे देतो. इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांना दोन्ही हात नाहीत. 2016 मध्ये त्यांना पायांनी गाडी चालवण्याचा परवाना मिळाला. केरळच्या जिलुमोल मेरिएट थॉमस यांनाही हात नाहीत. बदल केलेल्या सेलेरिओवर त्यांनी परवाना मिळवला आणि डिसेंबर 2023 मध्ये तो मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्यांना देण्यात आला. दोघांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांच्या गोष्टीतून काढायचा धडा वेगळा आहे. त्या दोघांनी सिद्ध केले की शरीराची अडचण तंत्राने सुटते. उरलेली अडचण कार्यालयांची होती, आणि ती सुटायला इतकी वर्षे व इतकी धडपड लागली म्हणूनच त्यांची बातमी झाली. परवाना मिळणे ही ज्या दिवशी बातमी राहणार नाही, त्या दिवशी व्यवस्था ठीक चालली आहे असे म्हणता येईल.

मग सुरक्षिततेचे काय, असे विचारले जाते. विचारलेच पाहिजे, कारण रस्त्यावर आमचीही मुले असतात. उत्तर असे की हा परवाना दयेने मिळत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र, शिकाऊ परवाना आणि त्याच गाडीवरची चाचणी, एवढे सगळे पार करावे लागते. धोका आहे तो दुसरीकडे. मान्यताप्राप्त किट बसवणारे कारागीर मोजक्या शहरांत आहेत. त्यामुळे लहान गावातला माणूस ओळखीच्या गॅरेजमध्ये जातो आणि लोखंडी पट्टी वेल्डिंग करून पेडलला जोडून घेतो. ती पट्टी ऐन ब्रेकच्या वेळी निसटली तर काय होईल, याचा विचार करवत नाही. देशातली वाहनांची एक प्रमुख तपासणी संस्था, एआरएआय, पुण्यातच आहे. सुरक्षिततेची चिंता असलेल्यांनी ‘अपंगांनी चालवू नये’ असे न म्हणता ‘तपासलेले किट प्रत्येक जिल्ह्यात मिळावे’ असे म्हटले पाहिजे.

राहिला ड्रायव्हर ठेवण्याचा सल्ला. ज्याला परवडते त्याने जरूर ठेवावा. पण ड्रायव्हरचा पगार म्हणजे दर महिन्याला आणखी एक हप्ता, आणि तो कधीच फिटत नाही. रात्री मूल तापाने फणफणले, पहाटे आईला दवाखान्यात न्यायचे झाले, तर ड्रायव्हर घरी असतो. आपण कुठे गेलो, कोणाला भेटलो, किती वेळ थांबलो, हे प्रत्येक वेळी तिसऱ्या माणसाला कळते. अपंग स्त्रीसाठी तर अनोळखी चालकावर विसंबणे म्हणजे आणखी एक भीती बाळगणे. टॅक्सी बोलवावी म्हणाल तर सीएनजीच्या टाकीने भरलेल्या डिकीत व्हीलचेअर मावत नाही आणि व्हीलचेअर पाहून फेरी नाकारली जाते, हा अनुभव मुंबई-पुण्यातल्या कोणालाही विचारा.

याहून गंभीर आक्षेप पुरोगामी मंडळींचा आहे. खासगी गाड्यांना उत्तेजन कशाला, त्यापेक्षा बस, लोकल आणि मेट्रो सर्वांना वापरता येतील अशा करा, असे ते म्हणतात. बस आणि लोकलबद्दलचा त्यांचा आग्रह माझाही आहे. पण हे दोन हक्क एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 41 चा पहिला भाग सार्वजनिक वाहतुकीबद्दल आहे. दुसरा भाग वैयक्तिक संचाराबद्दल आहे आणि त्यात सरकारने परवडणाऱ्या खर्चात त्यासाठी योजना आखाव्यात असे सांगून तीन गोष्टी नावानिशी दिल्या आहेत: प्रोत्साहन व सवलती, वाहनांतले बदल आणि संचारासाठी वैयक्तिक साहाय्य. संसदेने दोन्ही दिले आहेत, त्यांतला एक दुसऱ्याच्या नावाखाली काढून घेता येणार नाही. जत किंवा मेळघाटातल्या माणसाला तर हा वाद लागूही होत नाही. तिथे एसटीच्या उंच पायऱ्या आहेत, मेट्रो नाही, आणि तालुक्याच्या कचेरीत पोहोचायचे तर हातात स्टिअरिंग हवे.

म्हणून मागण्या नेमक्या शब्दांत मांडते. अपंग चालकाच्या गाडीवर पाच टक्के जीएसटी लावावा आणि लांबीची अट अपंगत्वाच्या गरजेनुसार शिथिल करावी. प्रत्येक कंपनीने आपल्या कोणत्या मॉडेलला कोणते तपासलेले किट बसते हे जाहीर करावे, ते किट डीलरकडूनच बसवून द्यावे आणि त्याची किंमत गाडीच्या कर्जातच धरली जावी. तात्पुरत्या नोंदणीवर गाडीत बदल करून घेता यावेत यासाठी केंद्राने नियमाचा मसुदा काढला होता. ती सोय प्रत्यक्षात मिळावी आणि प्रत्येक डीलरला माहीत असावी, म्हणजे पक्के पासिंग एकाच खेपेत होईल. पासिंगला मुदत असावी आणि ती ओलांडली तर कारण लेखी द्यावे. ड्रायव्हिंग स्कूलना अशी गाडी ठेवण्यासाठी अनुदान मिळावे.

ग्राहकांनाही एक विनंती. शोरूममध्ये जाताना कॅलिपर, कुबड्या, व्हीलचेअर जे रोज वापरता ते घेऊन जा. स्वतः चालकाच्या सीटवर बसा, स्वतः उतरा, खुर्ची स्वतः आत ठेवून पाहा. ज्या कारागिराकडून किट बसवणार आहात त्याला पैसे भरण्यापूर्वी ते मॉडेल दाखवा. किटची तपासणी कोणी केली आहे, याचा कागद मागा. विक्रेता सोबतच्या माणसाशी बोलू लागला तर बोलणे आपल्याकडे वळवा. आपण गप्प राहिलो तर गाडी दुसऱ्याच्या शरीराच्या मापाने विकली जाईल.

आणि एक मागणी थेट आपल्या राज्याकडे. महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, याचा अभिमान सरकार वारंवार सांगते. त्या विभागाने परिवहन विभागासोबत प्रत्येक जिल्ह्याच्या आरटीओत हॅण्ड कंट्रोल, डाव्या पायाचा एक्सलरेटर आणि स्टिअरिंगची मूठ बसवलेली एक ऑटोमॅटिक गाडी ठेवावी. तिच्यावर लोक शिकतील, चाचणी देतील आणि आपल्या शरीराला काय जमते हे गाडी विकत घेण्याआधी पाहतील. एका जिल्ह्याला एक गाडी हा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात शोधूनही दिसणार नाही इतका लहान आहे, आणि उलटा क्रम सुलटा करायला तेवढी एक गाडी पुरेशी आहे. कायदा तयार आहे, तपासणी करणारी संस्था राज्यातच आहे, विभागही आहे. पहिली गाडी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या तारखेला उभी राहणार, हे आता या विभागाने जाहीर करावे.